मनातली भाषा आणि कोडची भाषा: बहुभाषिक मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवताना

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत राखीव शब्द (ठरलेल्या अर्थाचे, नाव म्हणून वापरता न येणारे शब्द) आहेत ३५. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, रिटर्न वगैरे. इंग्रजी जेमतेम येणारं मूलही ते लवकर ओळखू लागतं, कारण या शब्दांची वाक्यं करायची नसतात, कोणता शब्द काय काम करतो एवढंच लक्षात ठेवायचं असतं. तरीही इंग्रजी कच्चं असलेली मुलं कोडिंगच्या वर्गात मागे राहताना दिसतात. ती अडतात दुसरीकडेच: सूचना वाचताना, एरर समजून घेताना, प्रश्न विचारताना आणि सगळ्यात जास्त म्हणजे डोक्यात चाललेला विचार बोलून दाखवताना. प्रोग्रॅम यंत्राला सांगण्याआधी माणसाला सांगावा लागतो, निदान स्वतःला तरी. आणि हे सांगणं मुलाला ज्या भाषेत जमतं, तीच भाषा बऱ्याचदा वर्गाच्या दाराबाहेर ठेवलेली असते.

दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या मुलांच्या या सगळ्या भाषा आणि घरून आलेलं ज्ञान कोडिंग शिकण्यासाठी कसं वापरायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. शाळेतले शिक्षक, कोडिंग क्लब चालवणारे स्वयंसेवक आणि घरी शिकवणारे पालक, तिघांनाही हे वापरता येईल. उदाहरणं स्क्रॅच (पडद्यावरचे ब्लॉक, म्हणजे ठोकळे, जोडून प्रोग्रॅम करायची भाषा) आणि पायथनची आहेत, कारण नवशिक्यांचा मोठा भाग तिथूनच सुरुवात करतो.

पायरी १: मुलांच्या भाषा खऱ्या अर्थाने माहीत करून घ्या

प्रवेशाच्या फॉर्मवर ‘मातृभाषा’ असा एकच रकाना असतो. त्यावरून फारसं काही कळत नाही. आजीशी एक भाषा, भावंडांशी दुसरी, शाळेत तिसरी आणि व्हिडिओ बघताना चौथी, असं आयुष्य जगणारी मुलं खूप आहेत. म्हणून प्रश्न वापराबद्दल विचारा. मनातल्या मनात हिशेब कोणत्या भाषेत करतोस? पाढे कोणत्या भाषेत पाठ आहेत? एखाद्या खेळाचे नियम मित्राला समजावायचे असतील तर कोणती भाषा आपोआप तोंडात येते? मोबाइलवर मेसेज कोणत्या लिपीत लिहितेस?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. घरची भाषा अस्खलित बोलणाऱ्या पण तिच्या लिपीत एक ओळही न वाचता येणाऱ्या मुलांची संख्या मोठी असते. अशा मुलासाठी तुम्ही मेहनत करून भाषांतरित कागद छापलात तर तो त्याच्यासाठी आणखी एक न कळणारा कागद ठरतो. त्याला बोलायला जोडीदार द्या, किंवा सूचना रेकॉर्ड करून ऐकवा.

ही विचारपूस एकेकट्याशी करा, सगळ्या वर्गासमोर नको. आपली भाषा कमी दर्जाची आहे असं ऐकत मोठी झालेली मुलं ती लपवतात. त्यांना विश्वास वाटायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावा.

पायरी २: परवानगी तोंडाने द्या

‘मी कधी कुणाला अडवत नाही’ एवढं पुरत नाही. वर्गात एकच भाषा चालते हे मुलं वर्षानुवर्षं शिकलेली असतात, त्यामुळे गप्प राहण्याचा अर्थ ती ‘मनाई’ असाच लावतात. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: विचार करायला, आपसात बोलायला, कच्चं लिहायला, कॉमेंट (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप) टाकायला कोणतीही भाषा चालेल, दोन भाषा एका वाक्यात मिसळल्या तरी चालतील. प्रोग्रॅम चालला पाहिजे आणि तो का चालतो हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

याला शिक्षणशास्त्रात आधार आहे. वेल्समधले केन विल्यम्स यांनी वेल्श आणि इंग्रजी वर्गांमध्ये एका भाषेत वाचायचं आणि दुसऱ्या भाषेत लिहायचं किंवा चर्चा करायची, अशी पद्धत मांडली. पुढे ओफेलिया गार्सिया यांनी ‘ट्रान्सलँग्वेजिंग’ या नावाने ती विस्तारली. त्यांचं म्हणणं असं की बहुभाषिक माणसाच्या डोक्यात भाषांचे वेगवेगळे कप्पे नसतात, सगळं मिळून एकच भांडार असतं आणि माणूस गरजेनुसार त्यातून उचलतो. कोडिंगच्या वर्गाला हे फार लागू पडतं, कारण तिथे आधीच बोली भाषा, कोड, चित्र, गणिती चिन्हं आणि पडद्यावरचं आउटपुट यांची सतत सरमिसळ चालू असते.

‘पण मला त्यांची भाषा येत नाही, ती काय बोलतात ते कळणार कसं?’ हा प्रश्न प्रत्येक शिक्षक विचारतो. कामाचं बोलणं चाललंय का, हे कळायला सगळे शब्द समजावे लागत नाहीत. ‘लूप’ (पुन्हापुन्हा करायच्या सूचना), ‘व्हेरिएबल’ (बदलती किंमत ठेवायचं नाव) हे शब्द मध्येमध्ये ऐकू येतात, बोटं पडद्यावरच्या ओळींकडे जातात, कागदावर बाण काढले जातात. आणि पाच मिनिटांनी तुम्ही जवळ जाऊन म्हणू शकता, ‘आता मला दाखवा, व्हेरिएबलची किंमत कुठे बदलते?’ ते दाखवता आलं तर चर्चा योग्य दिशेने झाली.

जोड्या लावताना माझी पद्धत अशी सुचवेन: आराखडा ठरवताना समान भाषेच्या मुलांची जोडी, आणि प्रोग्रॅम तपासताना वेगळ्या भाषेच्या मुलाची. पहिल्या टप्प्यात विचार मोकळा वाहतो. दुसऱ्या टप्प्यात तोच विचार अनोळखी माणसाला समजेल असा मांडावा लागतो. एक काळजी मात्र घ्या. एखादं हुशार मूल कायमचं दुभाषी होऊन बसतं आणि त्याचं स्वतःचं काम मागे पडतं. ही जबाबदारी फिरती ठेवा.

पायरी ३: पहिला धडा संगणकाशिवाय आणि घरच्या भाषेत

दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात चौकोन आणि त्रिकोण एकावर एक असलेलं साधं चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने आपल्या भाषेत सूचना द्यायच्या, दुसऱ्याने फक्त ऐकून चित्र काढायचं. चित्र बिघडलं की ती दोघं सूचना सुधारतात. मग सूचना लिहून काढायला सांगा आणि त्यांत तीन गोष्टी शोधा: कोणती सूचना पुन्हापुन्हा आली, कुठे ‘असं असेल तर’ आलं, आणि कोणता आकडा बदलला की चित्र बदलतं. यानंतर लूप, अट आणि व्हेरिएबल ही नावं द्या. कल्पना आधी हाती आलेली असते, नाव मागून येतं.

आता भाषेच्या पोटात शिरायची वेळ. मुलांच्या भाषा कोडच्या रचनेशी कुठे जुळतात आणि कुठे अडखळवतात, हे मुलांनीच शोधलं तर संकल्पना पक्क्या होतात. काही जागा हमखास सापडतात.

क्रियापदाची जागा बघा. मराठी, जपानी, तुर्की या भाषांत क्रियापद सहसा शेवटी येतं. फंक्शन (नाव दिलेलं, हवं तेव्हा बोलावता येणारं काम) वापरताना मात्र क्रिया आधी लिहायची आणि ज्यावर ती करायची ते नंतर कंसात. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषेतून आलेली मुलं सुरुवातीला हा क्रम उलटा लिहितात. ही चूक निष्काळजीपणाची नसते, त्यांच्या भाषेचा नियम ती प्रामाणिकपणे पाळत असतात. तसं त्यांना सांगितलं की चूक लाजेची उरत नाही आणि लवकर सुटते. पायथनच्या टर्टलमध्ये (पडद्यावर कासव फिरवून चित्र काढायची सोय) तर आधी कासवाचं नाव, मग टिंब, मग ‘पुढे जा’ आणि कंसात अंतर असा क्रम असतो. ‘कासवा, पुढे जा’ असं हाक मारून सांगणाऱ्या मुलांना तो चटकन पटतो.

अटींमध्ये मराठीची ‘जर–तर’ ही जोडगोळी फार उपयोगी पडते, कारण अट कुठे संपते आणि परिणाम कुठे सुरू होतो हे ‘तर’ दाखवून देतो. पायथनमध्ये तेच काम कोलन (:) करतं. ‘किंवा’ आणि ‘की’ यांतला फरकही वर्गात आणावा असा आहे. ‘लाल की निळा?’ असं विचारलं तर एकच निवडायचा असतो. कोडमधला ‘ऑर’ तसा वागत नाही, दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी तो ‘खरं’ म्हणतो. म्हणजे तो ‘किंवा’च्या जवळचा. ‘आणि’ची गंमत तर बहुतेक भाषांत आहे. ‘लाल आणि निळे चेंडू बाजूला काढ’ म्हटलं की आपण दोन्ही रंगांचे चेंडू काढतो. यंत्राला ‘रंग लाल आणि रंग निळा’ अशी अट दिली तर एकही चेंडू हाती लागत नाही, कारण एकाच चेंडूचा रंग एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही.

सगळ्यात जास्त वेळ ‘पर्यंत’वर द्या. ‘ती येईपर्यंत थांब’ आणि ‘जोपर्यंत ती आलेली नाही तोपर्यंत थांब’ या दोन वाक्यांचा अर्थ एकच, पण अट एकमेकींच्या विरुद्ध. पहिल्यात ‘आली’ ही वाट बघणं संपवण्याची अट आहे, दुसऱ्यात ‘आली नाही’ ही वाट बघणं चालू ठेवण्याची अट. स्क्रॅचमधला ‘रिपीट अनटिल’ हा ब्लॉक पहिल्या प्रकारचा, पायथनमधला ‘व्हाइल’ दुसऱ्या प्रकारचा. स्क्रॅचवरून पायथनकडे येणारी मुलं नेमकी इथे घसरतात. वर्गात जितक्या भाषा असतील तितक्या भाषांत ही दोन वाक्यं फळ्यावर लिहून घ्या. ‘नाही’ कुठे येतं, ते प्रत्येकीत अधोरेखित करायला लावा. ज्या शिक्षकाला त्यांतल्या निम्म्या भाषा येत नाहीत, त्याचाही हा धडा उत्तम होतो, कारण इथे जाणकार मुलंच असतात.

पायरी ४: साधनं निवडा, आणि त्यांच्या खाचाखोचा आधी स्वतः बघून ठेवा

स्क्रॅच २००७ मध्ये एमआयटी मीडिया लॅबने सगळ्यांसाठी खुलं केलं आणि आज ते ७०हून जास्त भाषांत आहे. भाषा बदलली की ब्लॉकवरचे शब्द बदलतात, प्रोग्रॅम तसाच राहतो, कारण आतमध्ये ब्लॉक पडद्यावर दिसणाऱ्या शब्दांनी साठवलेले नसतात. त्यामुळे एक मुलगी आपल्या भाषेत केलेला प्रोजेक्ट दुसऱ्या भाषेच्या मैत्रिणीला देऊ शकते आणि तिला तो तिच्या भाषेत उघडतो. मुलांनी स्वतः दिलेली व्हेरिएबलची नावं आणि कॉमेंट मात्र तशाच राहतात, हे आधी सांगून ठेवा.

याचा शिकण्यावर काय परिणाम होतो, ते सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७ मध्ये पाच देशांतल्या स्क्रॅच वापरणाऱ्यांच्या नोंदी तपासून पाहिलं. ज्या नवशिक्यांनी आपल्या देशाच्या मुख्य भाषेतले ब्लॉक वापरले, त्यांच्या प्रोजेक्टमध्ये नव्या संकल्पना जास्त वेगाने येऊ लागल्या. तुलना होती त्याच देशांतल्या, पण इंग्रजी ब्लॉक वापरणाऱ्यांशी. ‘पुढे इंग्रजीच लागणार, मग आतापासून इंग्रजीच का नको’ असं म्हणणाऱ्या पालकांना हा निष्कर्ष जरूर सांगा.

ब्लॉककडून लिखित कोडकडे जाताना ‘हेडी’ ही भाषा बघण्यासारखी आहे. नेदरलँड्समधल्या फेलियन हरमन्स यांनी ती २०२० मध्ये आणली. नियम एकदम न लादता एकेका पातळीवर वाढत जातात आणि शेवटी मूल पायथनच्या जवळ येऊन पोहोचतं. कीवर्ड (राखीव शब्द) अनेक भाषांत आहेत, आणि आपल्या भाषेतला कीवर्ड आणि इंग्रजी कीवर्ड दोन्ही वापरता येतात. तुमच्या वर्गातल्या भाषा त्यात आहेत का ते आधी तपासून घ्या.

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत, अरबीत किंवा रशियनच्या सिरिलिक लिपीतही देता येतात. ‘वय’, ‘गुण’, ‘बेरीज’ ही नावं चालतात. पण काही खड्डे आहेत. देवनागरी आकडे कोडमध्ये थेट लिहिले तर एरर येते. मात्र वापरणाऱ्याने ‘१२’ असं टाइप केलं आणि तुम्ही ते ‘इंट’ या मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनला दिलं तर पायथन त्याची बारा ही संख्या बरोबर करतो. काही कीबोर्ड जोडाक्षरासाठी मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालतात. ते नावात शिरलं की डोळ्यांना काहीच चुकीचं दिसत नाही आणि तरी प्रोग्रॅम चालत नाही. शिवाय दर कंसाला आणि दर कोलनला कीबोर्डची भाषा बदलत बसणं टायपिंग नुकतंच शिकणाऱ्या मुलाला दमवतं.

म्हणून माझा सल्ला: नावं आपल्या भाषेतली पण रोमन लिपीत, कॉमेंट मात्र आपल्या लिपीत. यातून एक फार मोठा फायदा होतो, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. इंग्रजी न येणाऱ्या मुलासमोर सगळंच इंग्रजी असलेला कोड ठेवला, तर ‘प्रिंट’ हा पायथनचा शब्द आणि ‘टोटल’ हे कुणीतरी दिलेलं नाव, हे त्याला वेगळं दिसत नाही. दोन्ही तितकेच परके. ‘टोटल’च्या जागी ‘बेरीज’ आलं की एका नजरेत कळतं: हा शब्द यंत्राचा, हा माझा, आणि माझा मी बदलू शकतो. हा भेद कळणं ही प्रोग्रॅमिंगमधली अगदी पायाची गोष्ट आहे.

पायरी ५: एररची भिंत

लाल अक्षरांतला इंग्रजी मजकूर आला की मूल हात मागे घेतं. इथे भाषेची मदत सर्वांत जास्त लागते. भिंतीवर एक मोठा कागद लावा, किंवा सामायिक वही ठेवा. दर वेळी नवी एरर आली की मुलांनी चार गोष्टी लिहायच्या: मूळ मजकूर जसाच्या तसा, त्याचा आपल्या भाषेत आपल्या शब्दांत अर्थ, पहिल्यांदा कुठे बघायचं, आणि आपल्या बाबतीत नेमकं काय झालं होतं.

‘नेमएरर’ म्हणजे ‘हे नाव मला कुणी सांगितलेलंच नाही’. बघायचं कुठे? स्पेलिंग, लहान-मोठं अक्षर, अवतरणचिन्हं विसरली का. ‘टाइपएरर’ बऱ्याचदा म्हणजे ‘आकडा आणि मजकूर एकत्र करायला सांगतोयस, मला जमत नाही’. ‘इंडेंटेशनएरर’ म्हणजे ओळ किती आत सरकवायची ते चुकलं. एरर वाचण्याचा क्रमही शिकवा: आधी सगळ्यात खालची ओळ, मग ओळीचा क्रमांक, मग बाकीचं. शक्य असेल तर पायथन ३.१० किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. तिच्यातले एररचे मजकूर आधीपेक्षा खूप स्पष्ट आहेत आणि जवळपासचं नावही सुचवतात.

एररचा मजकूर भाषांतराच्या ॲपमध्ये टाकायला हरकत नाही, पण ते ॲप कोडमधल्या नावांचंही भाषांतर करून टाकतं आणि मूल न दिसणारा शब्द शोधत बसतं. म्हणून मूळ ओळ कायम शेजारी ठेवायची. तिचा आणखी एक उपयोग असा की पुढे हीच मुलं एररचा इंग्रजी मजकूर इंटरनेटवर शोधतील तेव्हा तो त्यांच्या ओळखीचा असेल.

तांत्रिक शब्दांबाबत थोडक्यात: प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द घडवत बसू नका. ‘लूप’ लूपच राहू द्या, त्याचा अर्थ सांगणं महत्त्वाचं, आणि तो अर्थ सांगायला सगळ्या भाषा मोकळ्या आहेत. ‘स्ट्रिंग’ म्हणजे अक्षरांची माळ, हे इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलालाही आपोआप कळत नाही. त्यालाही शिकावंच लागतं.

पायरी ६: घरचं ज्ञान कामाला लावा, सजावटीला नको

संस्कृती वर्गात आणायची म्हणजे उदाहरणातलं नाव बदलायचं किंवा पडद्याच्या कोपऱ्यात झेंडा लावायचा, असा समज आहे. मला हे पटत नाही. कसोटी एकच ठेवा: घरून आलेलं ज्ञान प्रोग्रॅममध्ये काही काम करतंय का? ते काढून टाकलं तर प्रोग्रॅमचा तर्क बदलतो का?

रॉन इग्लॅश यांचं काम या कसोटीला उतरतं. त्यांनी आफ्रिकी वस्त्यांची रचना, नक्षी आणि केशरचना यांतली स्वतःसारख्याच लहान आकृत्यांची भूमिती अभ्यासली आणि तिच्यावर आधारलेली संगणकीय साधनं बनवली. डोक्याला घट्ट बसणाऱ्या बारीक वेण्यांच्या नक्षीत एकच आकार थोडा लहान करत, थोडा फिरवत, पुढे सरकवत पुन्हापुन्हा येतो. प्रोग्रॅममध्ये तेच लिहायचं तर लूप, कोन, गुणक सगळं येतं. मूळ अमेरिकी समाजांच्या मणिकामावर आधारलेल्या साधनात मण्याची जागा निर्देशकांनी (आडवा आणि उभा क्रमांक देऊन) सांगावी लागते आणि सममिती राखावी लागते. इथे वेणी घालणारी मावशी आणि मणी ओवणारे आजोबा हेच विषयातले जाणकार ठरतात.

लुइस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेला विचारही हाच: प्रत्येक कुटुंबाकडे कामातून, अनुभवातून साठलेलं ज्ञान असतं आणि शिक्षकाने ते शोधायला जायला हवं. मुलांना घरी विचारायला एक प्रश्न द्या: ‘ठरलेल्या क्रमाने, चुकला तर बिघडेल असं कोणतं काम तुम्ही करता?’ शिवण, विणकाम, वाद्याचा ठेका, दुरुस्ती, मोजमाप, काहीही येऊ दे. मुलाने ते आपल्या भाषेत ऐकून घ्यायचं, पायऱ्या लिहायच्या, आणि मग त्याचं चलचित्र, खेळ किंवा मोजणी करणारा प्रोग्रॅम करायचा. मोठ्यांकडून शिकलेले खेळ तर सोन्यासारखे. नियम लिहायला बसलं की ‘सोंगटी रेषेवर पडली तर?’ यावरून घरात वाद होतो. तो वाद म्हणजे प्रोग्रॅमरला रोज छळणारी अपवादात्मक परिस्थितीच असते.

इथे एक विरोधी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फिलिप गुओ यांनी २०१८ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या ८४० शिकणाऱ्यांची उत्तरं अभ्यासली. ते ८६ देशांतले आणि ७४ मातृभाषांचे होते. त्यांच्या मागण्यांमध्ये सोपं इंग्रजी, चित्रं, सोबत शब्दकोश हे होतंच, शिवाय उदाहरणं कोणत्याही एका संस्कृतीत अडकलेली नकोत, असंही होतं. एखाद्या देशातल्या खेळाच्या गुणपद्धतीवर बेतलेलं उदाहरण दिलं, तर ज्याला तो खेळ माहीत नाही त्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात. यातून मी असा मार्ग काढतो: शिक्षकाची उदाहरणं सगळ्यांना कळतील अशी साधी, आणि मुलांचे प्रकल्प त्यांच्या मर्जीचे. आणि मर्जी म्हणजे खरोखर मर्जी. एखाद्या मुलाला आपल्या परंपरेवर काही करायचं नसेल, अंतराळयानाचा खेळच करायचा असेल, तर तो करू द्या. त्याच्यावर समाजाचा प्रतिनिधी होण्याचं ओझं टाकू नये.

संस्कृतीचा आणखी एक पैलू वागण्यात दिसतो. काही घरांत मोठ्यांना प्रश्न विचारणं उद्धट मानलं जातं, काही घरांत आधी नीट बघायचं आणि जमेल अशी खात्री झाली की मगच हात लावायचा अशी शिकवण असते. अशी मुलं ‘करून बघ, मोडलं तरी चालेल’ या वर्गात शांत बसतात आणि त्यांना काही येत नाही असं वाटतं. प्रश्न चिठ्ठीवर लिहायची सोय ठेवा, आणि बघत बसण्यालाही काम समजा.

पायरी ७: दोन भाषा बोलणारा प्रोग्रॅम करायला लावा

सगळ्या पायऱ्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते, कारण इथे बहुभाषिक मूल एकभाषिक मुलाच्या पुढे असतं.

सुरुवात स्क्रॅचमधल्या गोष्टीने करा. दोन पात्रं, दोन भाषा, आणि वापरणाऱ्याने निवडलेल्या भाषेत संवाद. मुलं प्रथम प्रत्येक वाक्यासाठी ‘जर भाषा ही असेल तर’ असा ब्लॉक लावतात. तिसरी भाषा घालायला सांगितली की तो सगळा पसारा बदलावा लागतो आणि ती कंटाळतात. मग विचारा, वाक्यं वेगळ्या यादीत ठेवली तर? प्रोग्रॅमने फक्त ‘निवडलेल्या भाषेतलं चौथं वाक्य’ मागायचं. मजकूर आणि तर्क वेगळे ठेवणं हे व्यावसायिक सॉफ्टवेअर अनेक भाषांत नेण्याचं मूळ तत्त्व आहे, आणि मुलं ते गरजेतून शोधतात.

पुढे पायथनमध्ये अक्षरं मोजायला द्या. ‘लेन’ या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला ‘नमस्ते’ दिलं तर उत्तर येतं ६. डोळ्यांना दिसतात तीन अक्षरं. का? कारण युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींतल्या अक्षरांना संकेत देणारी पद्धत) न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा असे सहा वेगवेगळे संकेत साठवलेले असतात. हाच शब्द उलटा करायला सांगा. मात्रा सुटी होऊन पुढे येते आणि सगळा शब्द मोडतो. फक्त इंग्रजी शब्दांवर सराव केलेल्या मुलाला हा प्रश्न कधी पडतच नाही. अशाच जागा इतर भाषांतही आहेत. अरबी आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे जातात. जर्मनमधल्या ‘एसझेट’ या एका अक्षराचं पायथन मोठं रूप करतो तेव्हा त्याची दोन अक्षरं होतात. तुर्कीत टिंब असलेला आणि टिंब नसलेला असे दोन वेगळे ‘आय’ आहेत. स्वीडिशमध्ये टिंबांचा ‘ए’ वर्णमालेच्या शेवटी येतो, जर्मन कोशात तो साध्या ‘ए’बरोबर लागतो. मग नावांची यादी ‘बरोबर’ लावायची म्हणजे कुणाच्या नियमाने? ज्यांना एकच नाव आहे, आडनाव नाही, त्यांना आडनाव सक्तीचं करणारा फॉर्म का अडवतो? हे प्रश्न मुलांच्या स्वतःच्या नावांतून येतात.

स्क्रॅचमध्ये भाषांतराचा जोड-विभागही (एक्स्टेंशन) आहे. त्याचा उपयोग यंत्राला तपासण्यासाठी करा. मुलांनी आपल्या भाषेतलं वाक्य घालायचं, भाषांतर उलट फिरवून बघायचं आणि कुठे चुकलं ते लिहायचं. तुर्कीसारख्या भाषेत तृतीय पुरुषी सर्वनामाला (‘तो’, ‘ती’ यांसारख्या) लिंग नसतं. तिथून लिंग असलेल्या भाषेत जाताना यंत्र ‘डॉक्टर’ला पुरुष आणि ‘नर्स’ला स्त्री ठरवतं का, हे पाहायला लावा. गूगलने २०१८ मध्ये अशा काही वाक्यांसाठी दोन्ही रूपं दाखवायला सुरुवात केली ती याच प्रश्नामुळे. दोन्ही भाषा येणारं मूलच हे दोष पकडू शकतं.

जी मुलं घरच्या मोठ्यांसाठी दुभाष्याचं काम करतात, त्यांच्याकडे एक वेगळं कौशल्य असतं. समोरच्याला काय माहीत आहे हे ओळखून सांगणं त्यांना सवयीचं असतं. फंक्शनला चांगलं नाव देताना आणि कॉमेंट लिहिताना हेच लागतं. हे त्यांना शब्दांत सांगा.

पायरी ८: समज तपासा, इंग्रजी नको

प्रोग्रॅमिंगची परीक्षा नकळत इंग्रजीची परीक्षा होते. लांबलचक इंग्रजी परिच्छेदातलं गणित दिलं आणि मूल चुकलं, तर त्याला काय आलं नाही, अट की परिच्छेद? म्हणून टायपिंग आणि वाचन कमी लागेल असे प्रश्न द्या. तयार कोडच्या ओळी सुट्या करून योग्य क्रमाने लावायला सांगणं, हा डेल पार्सन्स आणि पट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये सुचवलेला प्रकार फार चांगला चालतो. स्यू सेंटन्स आणि सहकाऱ्यांची ‘प्रिम’ पद्धतही इथे उपयोगी आहे: आधी कोड वाचून काय होईल ते सांगायचं, मग चालवायचा, उलगडून बघायचा, बदलायचा आणि शेवटी स्वतःचा करायचा. पहिल्या पायरीतला अंदाज कोणत्याही भाषेत बोलून सांगता येतो, आणि मूल नेमकं कुठे वेगळा विचार करतंय ते तिथेच कळतं.

खुलासा वर्गाच्या भाषेत हवाच असेल तर आधी घरच्या भाषेत जोडीदाराला सांगू द्या, मग सगळ्यांसमोर. दुसऱ्यांदा सांगताना तर्क ठरलेला असतो, त्यामुळे सगळं लक्ष शब्दांकडे देता येतं.

इंग्रजीकडे कधी वळायचं?

इंग्रजी टाळायला मी सांगत नाही. लायब्ररींची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांची) माहितीपत्रं, चर्चा, एररची उत्तरं यांचा मोठा भाग इंग्रजीत आहे आणि मुलांना तिथे पोहोचायचं आहे. फक्त क्रम पाळा. जी संकल्पना घरच्या भाषेत पक्की झाली तिचं इंग्रजी वाचन आधी द्या. नवी संकल्पना आणि नवी भाषा एकाच दिवशी नकोत. माहितीपत्राचं एक पान घेऊन आधी त्यातला कोडचा नमुना वाचायचा, काय होईल ते आपल्या भाषेत सांगायचं, आणि मगच भोवतालचा मजकूर वाचायचा. मुलांना कोड आधीच कळत असल्यामुळे अनोळखी शब्दांचा अर्थ कोडच सांगू लागतो. आठवड्यातून एकदा एखाद्या फंक्शनवर दोन कॉमेंट लिहायला लावा, एक वर्गातल्या मित्रासाठी आपल्या भाषेत, आणि एक जगात कुठेही बसलेल्या अनोळखी प्रोग्रॅमरसाठी इंग्रजीत. दुसरी कॉमेंट तोडकीमोडकी असली तरी राहू द्या, आणि पुढच्या महिन्यात मुलांनाच ती सुधारायला द्या.